नको असलेला पक्का रंग

सोलापुरात रंग पक्का करण्यावर हजारो घरांचं पोट चालत आलं आहे. १८७७ साली इथे कापड गिरणी उभी राहिली, तिला गाव पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात आधी हातमाग आणि मग यंत्रमाग मांडले. चादर आणि टेरी टॉवेल ही गावाची ओळख झाली आणि दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. चादरीचं नाव झालं ते तिच्या जाड विणीमुळे, जॅकार्डवर उठणाऱ्या मयूरपंखी नक्षीमुळे आणि वर्षानुवर्षं धुतल्यावरही टिकून राहणाऱ्या रंगामुळे.

हा रंग पक्का कसा होतो, ते समजून घेण्यासारखं आहे. सूत आधी उकळून त्यातलं मेण आणि तेलकटपणा काढतात, म्हणजे तंतू पाणी प्यायला मोकळे होतात. मग रंगाची टाकी. रंगाच्या जातीप्रमाणे तीत मीठ, सोडा, कॉस्टिक किंवा ‘हायड्रो’ म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट पडतं आणि गरजेप्रमाणे पाणी तापवलं जातं. व्हॅट जातीचा रंग मुळात पाण्यात विरघळत नाही. हायड्रो आणि कॉस्टिक मिळून त्याला विरघळवतात, तो सुताच्या आत शिरतो, आणि लडी टाकीबाहेर येऊन तिला हवा लागली की पुन्हा पहिल्यासारखा होऊन आतच अडकतो. १९५६ साली बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग याच्याही पुढे जातात. ते कापसाच्या रेणूशी रासायनिक बंधच बांधतात. कृत्रिम रंग येण्याआधीची कित्येक शतकं हे काम हिरडा, डाळिंबाची साल, तुरटी आणि हिराकस यांच्यावर चालायचं. पद्धती अनेक, साहित्य मात्र मोजकं: पाणी, उष्णता, खार, धातू, हवा आणि वेळ.

चादरीवर पडलेला डाग पक्का होतो तोही नेमका याच साहित्यावर. रंगारी जे जाणूनबुजून करतो, तेच घरात नकळत होतं. डाग पडतो, त्याला गरम पाणी लागतं, साबणाचा खार लागतो, कधी लोखंड लागतं, उन्हात तो वाळतो, वरून इस्त्री फिरते आणि कपाटात सहा महिने हवा खातो. यानंतर समोर असतो तो चांगला रंगवलेला कपडा. फक्त रंग नको त्या जागी बसलेला असतो. घरगुती उपायांच्या याद्यांमध्ये ही बाजू क्वचितच येते. लिंबू लावा, मीठ चोळा, गरम पाणी ओता, असं सुटं सुटं सांगितलं जातं, आणि यातला एखादा उपाय त्या डागाला कायमचा बसवणाराही असू शकतो, हे सांगायचं राहून जातं.

सोलापूर जिल्ह्यात याचं उत्तम उदाहरण म्हणजे डाळिंब. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांतल्या बागा प्रसिद्ध आहेत आणि शहराजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून काम करतं आहे. या केंद्राने काढलेल्या ‘सोलापूर लाल’ वाणाचं एक वैशिष्ट्य म्हणजे दाण्यातलं अँथोसायनिनचं वाढीव प्रमाण. अँथोसायनिन म्हणजे दाण्याला लाली देणारं द्रव्य, आणि कपड्यावर उडतं तेही हेच. ते आंबटात लाल राहतं आणि खारात निळसर, हिरवट, राखाडी होतं. त्यामुळे डाळिंबाच्या ठिपक्यावर कपडे धुण्याची वडी चोळली की क्षणात तो काळपट दिसू लागतो. घाबरून आणखी साबण, आणखी घासणं, मग गरम पाणी, असं चक्र सुरू होतं. इथे खरं नुकसान होतं ते सालीतल्या टॅनिनमुळे. डाळिंब सोलताना रसात साल-पापुद्र्यांचा अर्क उतरतो, आणि सालीचा उपयोग पूर्वीपासून सूत रंगवण्यासाठी होत आला आहे. टॅनिनला खार आणि उष्णता मिळाली की ते कापसाला धरून बसतं. त्यात गंजक्या खिळ्याचा किंवा लोखंडी बादलीचा स्पर्श झाला तर डाग काळा पडतो. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांच्यापासून पोथ्यांची काळी शाई करत, ती याच क्रियेवर.

म्हणून डाळिंब, जांभूळ, काळी द्राक्षं, कोरा चहा या सगळ्यांना पहिल्यांदा वडीचा साबण लावू नये. कापड उलटं करून मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडावी, म्हणजे रस आला त्याच वाटेने बाहेर पडतो. नंतर लिंबाचा रस किंवा पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून अर्धा तास भिजवावं आणि स्वच्छ खळबळून घ्यावं. मग पातळ डिटर्जंट. डाग काही महिन्यांचा जुना असेल तर याच क्रमाच्या शेवटी ऑक्सिजन ब्लीच लागतं, त्याविषयी पुढे येईलच.

फळांमध्ये सगळ्यात अवघड डाग केळीचा. करमाळा तालुक्यातला कंदरचा परिसर निर्यातीच्या केळीसाठी ओळखला जातो, आणि केळीच्या बागेत घड उतरवण्याच्या कामाला लोक वेगळे कपडे ठेवतात ते उगाच नाही. केळीचा चीक पडताना जवळजवळ बिनरंगाचा असतो. हवेतला ऑक्सिजन आणि चिकातलं विकर (एन्झाइम) मिळून त्याला काही तासांत तपकिरी आणि मग काळा करतात. दिसू लागतो तेव्हा तो बराचसा पक्का झालेला असतो. असाच फसवा डाग शहाळ्याच्या पाण्याचा, सरबताचा आणि उसाच्या रसाचा. वाळल्यावर काहीच दिसत नाही, कपडा घडी होऊन कपाटात जातो आणि पुढच्या सणाला उघडला की पिवळे-तपकिरी ओघळ दिसतात. साखरेला वेळ मिळाला की ती पिवळी पडत जाते, आणि इस्त्रीच्या उष्णतेने ते काम मिनिटांत होतं. न दिसणाऱ्या डागालाही त्याच दिवशी साधं पाणी दाखवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पण त्याच दिवशी पाणी दाखवायचं म्हणजे पाणी हवं. भीमेवरच्या उजनी धरणातून पाणी आणणाऱ्या या शहरात नळ काही दिवसांआड येतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पाणी येणाऱ्या दिवसासाठी धुणं साठवलं जातं आणि डाग त्या ढिगात वाळत पडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद खोलीतल्या कपड्यांच्या ढिगातही डागाला उष्णता मिळते. दुसरी अडचण पाण्याच्या जातीची. दख्खनच्या बेसॉल्टमधून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. अशा जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो, आणि वाईट म्हणजे साबणाचा चिकट, न विरघळणारा राखाडी साका कापडावर बसतो. त्या साक्यात डागही धरला जातो. सोलापुरी टॉवेल वर्षभरात कडक आणि मळकट दिसू लागला, तर तो बहुतेक वेळा टॉवेलचा दोष नसतो. साबण टाकण्याआधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवला तर पाणी हलकं होतं, आणि सुती कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर टाकलं तर साचलेला साका सुटत जातो. टॉवेलला सॉफ्टनर मात्र वापरू नये. त्याचा मेणचट थर टॉवेलच्या फंद्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपायचं सोडतो.

पाणी कमी असेल त्या दिवशी निदान एक करता येतं. डागाची जागा वाटीभर पाण्यात बुडवून ठेवावी किंवा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावी. ओला डाग अजून हालता असतो, वाळलेला अडकलेला असतो. कापसाचा तंतू पाण्यात फुगतो आणि त्याचे आतले रस्ते उघडतात. वाळला की ते मिटतात आणि आत गेलेलं द्रव्य कोंडलं जातं. जुन्या डागाला तासन् तास भिजत ठेवायचं कारणही हेच. घासून तंतू तुटतात, भिजवून ते उघडतात.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातले हजारो भक्त रस्त्यावर असतात. पहिल्या दिवशी नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला यण्णीमज्जन म्हणतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. तेल, हळद आणि कुंकू यांच्या सान्निध्यात तीन दिवस वावरलेलं पांढरं सुती कापड घरी आलं की खरी परीक्षा सुरू होते. त्यातल्या त्यात खळ दिलेली बाराबंदी सुदैवी. खळीचा पातळ थर तंतूवर असतो, बराचसा मळ त्या थरालाच चिकटतो आणि धुताना खळीबरोबर निघून जातो. पांढऱ्या कपड्यांना खळ देण्याची जुनी रीत दिसण्यासाठी होती तितकीच स्वच्छतेसाठीही उपयोगी होती.

हळदीचं वागणं इतर डागांहून निराळं आहे. बहुतेक वनस्पतिज रंगांना सुती कापडावर टिकायला तुरटीसारखा मध्यस्थ लागतो. हळदीतलं कर्क्युमिन मध्यस्थाशिवायच कापसावर बसतं. साबण लागताच ते लालभडक होतं, कारण खारात त्याचा रंग बदलतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे घराघरांत माहीत आहे आणि पारंपरिक कुंकू याच गुणावर तयार होतं. तो लाल रंग पाहून घाबरायचं कारण नाही. लिंबाचं पाणी लागलं की तो पुन्हा पिवळा होतो. हळदीची कमजोरी म्हणजे ऊन. कर्क्युमिन प्रकाशात मोडतं. डिटर्जंटने धुऊन कपडा ओलाच कडक उन्हात टाकायचा, वाळत आला की पुन्हा पाणी शिंपडायचं. सोलापूरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत हळदीचा जुना डागही पुष्कळ फिकटतो. यात एकच घात होऊ शकतो, तो म्हणजे तुरटी. तुरटीने डाग जातो असा समज आहे, पण रंगाऱ्याच्या हातात तुरटी असते ती रंग बसवण्यासाठी. हळद, चहा, फळं यांच्या डागावर तुरटी चोळणं म्हणजे आपण होऊन त्याला पक्कं करणं.

मिठाविषयीही असाच एक समज घट्ट आहे. नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला की त्याचा रंग जात नाही, असं म्हणतात. रंगाच्या टाकीत मीठ खरोखर कामाचं असतं, ते पाण्यातल्या रंगाला सुताकडे ढकलतं. पण रंगवून झालेल्या कपड्यात जो रंग नीट बसलेलाच नाही, त्याला मीठ बांधून ठेवू शकत नाही. पुढच्या साध्या पाण्यात तो सुटतोच. नवी गडद चादर पहिले दोन-तीन वेळा वेगळी धुणं हाच त्यावरचा खरा उपाय.

आता शेंगा चटणी. सोलापूरची ओळख असलेली ही लालजर्द, तेल सुटलेली चटणी पोळीवरून घसरून पांघरुणावर पडली की एकाच वेळी दोन डाग पडतात, शेंगदाण्याच्या तेलाचा आणि त्यात विरघळलेल्या मिरचीच्या रंगाचा. मिरचीचा रंग पाण्यात नव्हे, तेलात विरघळतो. म्हणून आधी तेल काढायचं, रंग बराचसा त्याच्याबरोबर जातो. ताज्या डागावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर दाबून ठेवली की ती तेल शोषते. मग पाणी न लावता भांडी घासायचं लिक्विड थेंबभर बोटाने जिरवायचं, पाव तासाने कपडा सोसेल तितक्या गरम पाण्यात धुवायचा. तेल हा असा एक डाग आहे, ज्याला गरम पाणी मित्र ठरतं. मात्र डाग गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री नको. शेंगदाण्याचं तेल हवेत हळूहळू ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि चिकट पिवळा थर तयार होतो. तव्याच्या कडेला जमणारं राळेसारखं किटण असतं, तसाच. या अवस्थेतलं तेल साध्या धुण्याने निघत नाही. त्यावर लिक्विड लावून रात्रभर ठेवावं लागतं, मग लायपेज, म्हणजे तेल तोडणारं विकर असलेल्या डिटर्जंटमध्ये कोमट पाण्यात भिजवावं लागतं, आणि हे दोन-तीनदा करायची तयारी लागते. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडात हा त्रास जास्त, कारण पॉलिस्टरला तेल प्रिय आहे आणि पाणी नकोसं.

रक्ताच्या बाबतीत उलट. रक्त, दूध, अंडं ही प्रथिनं. उष्णतेने ती गोठतात आणि गोठली की तंतूंना आवळून बसतात. गरम पाण्यात टाकलेल्या चादरीवरचे रक्ताचे डाग तपकिरी होऊन वर्षानुवर्षं राहतात ते यामुळेच. पाळीचे, बाळंतपणाचे, जखमेचे असे डाग घरोघरी असतात आणि ते लपवण्याच्या धडपडीत पलंगपोस घाईने उकळत्या पाण्यात जातो. लपवण्यासारखं त्यात काहीच नाही. गार पाणी आणि थोडा वेळ एवढंच हवं. जुन्या डागावर प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे प्रोटिएज असलेली पावडर कोमट पाण्यात मिसळून रात्रभर भिजवणं हा सर्वांत भरवशाचा मार्ग. विकरं कपडे धुण्याच्या कामी आणण्याची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम याची. १९१३ साली त्याने तिचं पेटंट मिळवलं. आज बहुतेक चांगल्या पावडरींत विकरं असतात, पण उकळत्या पाण्यात ती निकामी होतात आणि पाच मिनिटांत त्यांचं काम होत नाही. पांढऱ्या सुती कपड्यावर नंतर उरलेल्या पिवळट छटेला औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत पातळ करून लावता येतं.

दुधाच्या चहाचा डाग म्हणजे अशा वेगवेगळ्या डागांचं मिश्रण आहे. त्यात दुधाचं प्रथिन आहे, साय आहे आणि चहाचं टॅनिनही. कोऱ्या चहाचा ताजा डाग पांढऱ्या सुती कापडावर उकळतं पाणी उंचावरून ओतून घालवण्याची जुनी युक्ती आहे आणि ती चालते. दुधाच्या चहावर तीच वापरली तर प्रथिन शिजतं. तिथे गार पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

काही डाग तर मुद्दाम न निघण्यासाठीच योजलेले. परटाकडे अनेक घरांचे कपडे एकाच भट्टीत उकळले जात, तेव्हा कोणाचा कपडा कुठला हे ओळखण्यासाठी परीट बिब्ब्याच्या रसाची खूण करायचा. बिब्ब्याच्या तेलाला चुना लागला की ती खूण काळी होते आणि कपडा फाटेपर्यंत राहते. म्हणूनच बिब्ब्याचं इंग्रजी नावही खुणेवरून पडलं आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर कपड्याच्या त्या खुणेच्या जागी पुरळ उठत, त्याची वैद्यकीय नोंदही झाली. विड्याचं गणितही काहीसं असंच आहे. खैराचा कात हा तपकिरी रंगाचा जुना, नामांकित स्रोत. विड्यात कातावर चुना येतो, म्हणजे टॅनिनला खार मिळतो, तोंडातच लाल रंग तयार होतो आणि कापडावर पडताच हवेने गडद होतो. पानाची पिंक पडलेला पांढरा शर्ट लगेच धुतला तरी सहसा पूर्ण स्वच्छ होत नाही. आधी व्हिनेगरने चुन्याचा जोर मोडायचा, मग डिटर्जंट, मग ऑक्सिजन ब्लीच, हाच क्रम, आणि अपेक्षा माफक.

गंजाच्या डागाला अजून एक वेगळी वाट लागते. तारेवर, खिळ्यावर, जुन्या ट्रंकेत लागलेला गंज साबणाने हलत नाही आणि क्लोरिनच्या ब्लीचने जास्तच पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून, किंवा लिंबूसत्व पाण्यात विरघळवून, कपडा ओला ठेवत उन्हात ठेवला की लोखंड विरघळून निघतं. नंतर भरपूर पाण्याने धुवायलाच हवं. आंबट द्रव्य कापसात वाळलं तर तंतू कुजल्यासारखे होतात आणि काही महिन्यांनी त्याच जागी भोक पडू शकतं. संडास धुण्याच्या ॲसिडने गंज काढल्याच्या कहाण्या सांगितल्या जातात. त्याने डाग जातो, आणि त्याच्यामागून कापडही जातं.

ब्लीच म्हटलं की बहुतेकांना क्लोरिनचा उग्र वास आठवतो. ते ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पांढऱ्या सुती कापडासाठीच ते ठीक आहे. रेशीम आणि लोकर त्यात अक्षरशः विरघळतात. ते ॲसिडमध्ये, व्हिनेगरमध्ये किंवा संडासच्या क्लीनरमध्ये चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. रंगीत चादरीसाठी उपयोगी पडतं ते ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात पडलं की त्यातून सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटे होतात. गार पाण्यात ते जवळपास झोपलेलं असतं. पाणी चाळीस-पन्नास अंश, म्हणजे हाताला जेमतेम सोसेल इतकं हवं. त्यात चादर चार-सहा तास बुडवून ठेवावी. उरलेलं द्रावण बाटलीत बंद करून ठेवू नये, वायू साचून बाटली फुटते. आणि आधी चादरीच्या आतल्या कडेला थेंबभर लावून रंग टिकतो का, ते पाहावं. पक्क्या व्हॅट रंगाची चादर हे सहज सोसते, पण बाजारात सोलापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर तशी नसते.

जाड चादरीचा एक खास त्रास आहे. धुतल्यावर डाग गेलेला दिसतो आणि वाळल्यावर त्याच जागी, कधी कडा धरून, पुन्हा उगवतो. डाग नवा नसतो. विणीच्या खोल थरात उरलेलं द्रव्य, पाणी वर चढून उडून जाताना आपल्याबरोबर पृष्ठभागावर आणतं. चादर दोरीवर लोंबत वाळवण्याऐवजी सपाट पसरावी आणि डागाच्या जागेवर पांढरा कोरडा टॉवेल दाबून ठेवावा. वर येणारं सगळं टॉवेल टिपतो. सोलापुरी टॉवेलचे फंदे याला फार उपयोगी.

डाग कशाचा हेच ठाऊक नसलेली जुनी चादर हाती आली तर उष्णता शेवटी ठेवायची, एवढं सूत्र पुरेसं आहे. आधी साध्या गार पाण्यात रात्रभर. मग विकर असलेल्या डिटर्जंटच्या कोमट पाण्यात आणखी एक रात्र. नंतर लिंबू किंवा व्हिनेगरचं पाणी, आणि सर्वांत शेवटी गरम पाण्यातलं ऑक्सिजन ब्लीच. प्रत्येक पायरीनंतर नीट खळबळून घ्यायचं, कारण आधीचं द्रव्य पुढच्याचं काम बिघडवतं. मध्ये कुठेही इस्त्री नाही. हे सगळं सुती कापडासाठी. पैठणी, इरकलीचा रेशमी पदर किंवा लोकरीची शाल यांना खार, विकर आणि ब्लीच तिन्ही वर्ज्य, कारण रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत.

काही डाग मात्र डाग नसतातच. टॉवेलवर फिकट, नारिंगी-पांढरे ठिपके दिसू लागले, तर ते मुरुमांच्या बेंझॉइल पेरॉक्साइड असलेल्या मलमाचे असण्याची शक्यता बरीच. त्या जागी काही बसलेलं नसतं, मूळ रंगच उडालेला असतो, आणि तो कोणत्याही धुण्याने परत येत नाही. असं मलम लावणाऱ्याने पांढरा टॉवेल वापरणं हा त्यावरचा शहाणा तोडगा. केसांच्या कलपाचा डागही जात नाही, पण वेगळ्या कारणाने. कलपातली द्रव्यं तंतूच्या आत शिरून तिथेच ऑक्सिडाइज होऊन मोठी होतात, म्हणजे व्हॅट रंगासारखीच आत कोंडली जातात. ओला असताना धुतला तर धुतला. रंगाच्या कारखान्यात बिघडलेला लॉट हायड्रो आणि कॉस्टिकने उतरवतात, पण हायड्रो ओलसर झालं तर पेट घेऊ शकतं आणि चादरीचा रंगही घेऊन जातं. ते घरात आणण्याची वस्तू नाही.

यापुढचं काम लाँड्रीवाल्याचं. त्याच्याकडे कपडा देताना डाग कशाचा, किती दिवसांचा आणि घरी त्यावर काय काय लावून झालं, हे तिन्ही सांगावं, लाज न बाळगता. ड्रायक्लीनिंगच्या द्रावकात तेल सुटतं, पण साखर, रक्त, हळद सुटत नाहीत, आणि त्यांच्यावर आधी वेगळा हात फिरवावा लागतो. डागाची जागा साध्या दोऱ्याच्या टाक्याने खुणावून दिली तर काउंटरवर घेणाऱ्याकडून ती आतल्या कारागिरापर्यंत नक्की पोहोचते.